आठ सायकली आणि एक तारपा

डहाणूहून परतल्यापासून मला दोनच प्रश्न विचारले जातात. शो कसा झाला, आणि टेम्पोला हा वास कसला येतोय. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: बोंबलांचा. पहिल्याचं उत्तर द्यायचं तर पाच दिवस सांगावे लागतात, आणि तेवढं ऐकायला कोणी थांबत नाही. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

मी गाते. ‘चार्जर दे ना’ हे गाणं तुम्ही एखाद्या रिक्षात ऐकलं असेल, तर ते माझं. गेली तीन वर्षं मी ते एकच गाणं घेऊन हळदी-संगीत, दुकानांची उद्घाटनं आणि दुसऱ्यांचे कार्यक्रम करत फिरते आहे. लोक बोलावतात, ते गाणं दोनदा म्हणून घेतात आणि जेवायला वाढतात. स्वतःचा असा कार्यक्रम मी आजवर एकही केलेला नाही. यंदा पहिल्यांदा तशी संधी आली. जानेवारीत एक महोत्सव आहे, जनरेटर नाही, प्लास्टिक नाही, असा. त्याच्या आयोजक शलाका मॅडम म्हणाल्या, संध्याकाळची एक जागा आहे, तुझा पर्यावरणपूरक कार्यक्रम असेल तर दाखव. मी रात्रभर जागून योजना लिहून पाठवली. त्यात ‘स्थानिक वाद्य तारपा याच्यासह’ असं एक वाक्य होतं. तारपा मी तोवर फक्त पुण्यातल्या एका कॅफेच्या भिंतीवर पाहिला होता, पांढऱ्या रंगात काढलेला. मॅडमना तेच वाक्य आवडलं. त्या एका लग्नासाठी वापीला येणार होत्या. रविवारी परत जाताना तलासरीकडे वाट वाकडी करून बघते, म्हणाल्या. आवडलं तर जागा माझी, नाही तर पुन्हा हळदी.

वीज आम्ही सायकलींवर तयार करणार होतो. आठ सायकली, प्रत्येकीचं मागचं चाक लोखंडी घोडीवर उचललेलं, त्याला डायनामो, आठही वायरी एका पेटीत, आणि पेटीतून माईक, स्पीकर, लॅपटॉप. प्रेक्षकांनी पायडल मारायचं आणि मी गायचं. आठ जण मारत असले की मी झकास ऐकू येते. पाचाच्या खाली गेले की पेटी बंद पडते आणि मीही. पुण्यात व्यायामशाळेतल्या मुलांना बसवून चाचणी घेतली होती, ती उत्तम झाली. या आठ सायकली आम्ही डिझेलच्या टेम्पोतून नेल्या. त्यावरून मला कोणी टोमणे मारू नयेत, मी स्वतःला पुरेसे मारले आहेत.

सोबत दिग्या होता. दिग्या माझा साउंडवाला आणि या प्रवासात ड्रायव्हरही. कार्यक्रम पर्यावरणपूरक असायला त्याची हरकत नसते, फक्त पर्यावरणाने मध्ये मध्ये येऊ नये एवढंच त्याचं म्हणणं.

आगर, बुधवार

डहाणूला लागून असलेल्या आगरमध्ये हिराकाकींच्या घरी आमची उतरायची सोय होती. त्या दिग्याच्या एका मित्राच्या मावशी. मासळीचा व्यवसाय, घर समुद्रापासून हाकेवर, आणि घरापुढे बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी काठीवर टाकतात. आमच्या सोलापुरात अंगणात असं काही वाळत असलं तर ती चादर असते. मी पहिली दहा मिनिटं तोंडाने श्वास घेतला. जेवताना मात्र काकींनी तेच बोंबील तांदळाच्या भाकरीबरोबर तळून वाढले आणि मी नाकाचं म्हणणं ऐकणं सोडून दिलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडून जगात काही नाही असं मानणाऱ्या घरातली मी, त्या दिवशी सात बोंबील खाल्ले.

जेवण झाल्यावर काकींनी विचारलं, “गानं कसलं हाय तुझं?”

“पर्यावरणाचं,” मी म्हटलं.

त्या एकदम सरळ बसल्या. “म्हणजे बंदराचं?”

जवळच वाढवणला मोठं बंदर होऊ घातलंय आणि या किनाऱ्यावर त्याला किती विरोध आहे, हे मला बातम्यांतून माहीत होतं. येताना भिंतीभिंतींवरही वाचलं होतं. पण माझ्या गाण्यात बंदर नव्हतं. माझ्या गाण्यात पृथ्वी होती. तिला मी ‘सखी’ म्हटलं होतं.

“बंदराचं असं नाही काकी. एकूण सगळ्याचंच आहे.”

“एकून सगल्याचं,” काकी म्हणाल्या आणि पुन्हा आरामात बसल्या. “बरं, म्हन.”

मी गिटार घेतली आणि म्हटलं. ‘निळ्या निळ्या लाटांनो’ अशी सुरुवात आहे. दुसऱ्या ओळीला काकी हसायला लागल्या. शेजारच्या दोघी हसायला लागल्या. मला वाटलं सूर गेला.

“पोरी, निळ्या लाटा कुठे बघितल्यास?”

मी समोर बोट दाखवलं आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. समोरचा समुद्र चहाच्या रंगाचा होता, दूध जरा कमी पडलेल्या चहाच्या. खाड्यांचा गाळ घेऊन येतो म्हणून तो तसा, आणि त्या गाळातच मासळी पोसते, असं काकींनी मला समजावलं. निळा समुद्र बघायला लोक गोव्याला जातात, म्हणाल्या, तिथे त्यांना काय मिळतं ते त्यांना ठाऊक. गाणं लिहून सात महिने झाले होते आणि इतक्या दिवसांत समुद्र बघून यावं असं मला सुचलं नव्हतं. मला कानकोंडं झालं. त्या संध्याकाळी मी ‘निळ्या निळ्या’ खोडून ‘गढूळ गढूळ’ घालून पाहिलं, पण मग ते भांडणाचं गाणं वाटायला लागलं.

लॅपटॉप चार्ज करायला आम्ही घडीची सौर पाटी आणली होती. दिग्याने ती अंगणात उन्हात पसरली आणि आम्ही किनाऱ्यावर फेरफटका मारून आलो. परत येऊन बघतो तर पाटीवर बोंबील ओळीने मांडलेले. लॅपटॉप सकाळी होता तसाच, रिकामा.

“हे लय छान तापतं,” काकी कौतुकाने म्हणाल्या. “कुठे मिलतं? चार घेऊन ठेवीन.”

ती पाटी आम्ही नंतर तीनदा धुतली, पण उपयोग झाला नाही.

डहाणू, गुरुवार

टेम्पोत हादरे बसून सायकल क्रमांक तीनची साखळी तुटली होती. म्हणून सकाळी डहाणूत गेलो. स्टेशनजवळच्या एका बोळात सायकलीचं दुकान सापडलं. दुकानाचे मालक, साठीचे, सगळे त्यांना शेठ म्हणत होते. मराठी बोलता बोलता गुजराती कधी सुरू होई आणि कधी संपे, याचा त्यांनाही पत्ता नसावा. त्यांनी घोडीवरची सायकल वरून, खालून, मागून पाहिली.

“बेन, आ सायकल जाते कुठे?”

“जात नाही. जागच्या जागी चालते.”

“माणूस बसून पायडल मारणार?”

“हो.”

“आणि पोचणार नाय.”

“नाही. वीज होते ना त्यातून. माझा माईक चालतो.”

शेठनी डायनामोला बोट लावून पाहिलं. “एटले तुम्ही गाणार, आणि घाम पब्लिकला?”

इतका नेमका आक्षेप माझ्या योजनेवर कोणीच घेतला नव्हता, आयोजकांनीसुद्धा नाही. मी त्यांना सहभागाचं महत्त्व सांगायला लागले. ते मान डोलावत ऐकत होते आणि साखळी बसवत होते. बोलणं आणि साखळी एकदमच संपली. मग त्यांनी पायडल हाताने फिरवलं, चाक गरगरलं, आणि त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. निघताना घरच्या वाडीतले पिशवीभर चिकू दिले. बाहेर येऊन दिग्या म्हणाला, शेठना मॅनेजर म्हणून घे.

तलासरीच्या रस्त्याला माझ्या फोनवर दर दहा मिनिटांनी गुजरातमध्ये स्वागत होत होतं आणि पुढच्या वळणावर महाराष्ट्रात. रस्त्याकडेला भात कापणी चालू होती. काही शेतं पिवळी उभी, काही कापून मोकळी. मला ते दृश्य फार सुंदर वाटलं आणि मी त्याचा व्हिडिओ काढला. या कापणीशी आपला काही संबंध येईल असं तेव्हा डोक्यात नव्हतं.

उधवा, शुक्रवार आणि शनिवार

उधव्याच्या एका पाड्यावर नवशाकाका राहतात. पंचेचाळीस वर्षं तारपा वाजवतात, वडीलही वाजवायचे. एका ओळखीच्या शिक्षकांनी त्यांच्याशी फोनवर बोलून ठेवलं होतं, आणि काका ‘या’ म्हणाले होते. मी ‘या’चा अर्थ ‘वाजवतो’ असा घेतला. तो ‘या’ एवढाच होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा काका शेतात होते. बांधावर उभी राहून मी माझा सगळा कार्यक्रम सांगितला: रविवार, मॅडम, जानेवारी, सायकली. काका विळा चालवत चालवत ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी मागे पसरलेल्या शेताकडे हात केला.

“भात उभा हाये, बाय.”

मला वाटलं ते शेताचं वर्णन करतायत. “हो, छान आहे,” मी म्हटलं.

त्यांच्या बायको चैतीकाकींनी मग मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. भात घरात आल्याशिवाय तारपा निघत नाही. उभं पीक टाकून नाचायला गेलं तर लोक काय म्हणतील? आणि पाड्यातले बाकीचे तरी कुठे मोकळे आहेत, सगळे एकमेकांच्या शेतात कापायला. यांचं शेत शेवटचं राहिलंय. सोमवारी-मंगळवारी होईल. मग बुधवारी खुशाल या, दोन दिवस नाचू.

“पण मॅडम रविवारी येणार आहेत.”

“मग त्यांना बुधवारी बोलव.”

शलाका मॅडमना बुधवारी बोलावणं म्हणजे पावसाळ्याला जरा थांब म्हणण्यासारखं होतं. मी बांधावर बसले. माझ्या योजनेत ऊन होतं, वारा होता, कचरा होता, सगळ्याची सोय होती. शेतकऱ्याला शेत असतं हे तेवढं राहून गेलं होतं.

“मी कापायला आले तर?” मी विचारलं. “आम्ही दोघं. शनिवारपर्यंत होईल?”

चैतीकाकींनी माझे हात बघितले, मग माझे बूट बघितले. “तू आल्यावर मंगळवारचं बुधवार व्हायचं,” त्या म्हणाल्या. पण विळा दिला.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते माझ्या कमरेला विचारा. डाव्या हाताने भाताचं बुचकं धरायचं, उजव्या हाताने विळा आपल्याकडे ओढायचा, बुचकं मागे ठेवायचं, पुन्हा वाकायचं. ओळीत सगळ्या बायका पुढे पुढे सरकत जात आणि मी माझ्या पट्ट्यात एकटी मागे राही. चैतीकाकी त्यांचं संपवून उलट्या बाजूने माझ्या पट्ट्यात शिरत आणि समोरासमोर भेटलो की म्हणत, “आली का?” शुक्रवारी दुपारी माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर विळा गेला. फार नाही, पण गिटारच्या तारा दाबायच्या त्याच बोटांवर. काकींनी कसलासा पाला चुरून लावला आणि चिंधी बांधली. मला रडू आलं. दुखत होतं म्हणून थोडं, आणि रविवारी गिटार गेली म्हणून बरंच.

दिग्याचं मात्र सोनं झालं. त्याला भारे बांधायला दिले होते. सतरा वर्षं वायरी गुंडाळून गुंडाळून त्याच्या हाताला असं वळण पडलं आहे की कोणतीही लांब वस्तू तो न बघता सारखी करतो. पेंढ्या एका मापात घालून, बंधाला पीळ देऊन, गुडघा रोवून त्याने जो पहिला भारा बांधला तो बघायला दोन शेतं पलीकडून माणसं आली. काकांनी भारा उचलून आपटून पाहिला, सुटला नाही. संध्याकाळपर्यंत पाड्यात त्याला सगळे नावाने ओळखत होते. मला ‘त्याच्यासंग आलेली बाय’ म्हणत.

दुपारी बांधावर नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि मिरची. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं जेवण होतं.

शनिवारी दिवस मावळायच्या आत शेवटचा भारा खळ्यावर पडला. पाड्यातले सगळे येऊन हात लावून गेले होते, कारण दोन शहरी माणसं कापतायत ही बातमी पसरली होती आणि ती गंमत कोणाला चुकवायची नव्हती. काका हातपाय धुऊन आत गेले आणि तारपा घेऊन आले. वाळवलेला दुधी, त्यात बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानाचा गुंडाळलेला लांबलचक कर्णा, आणि सगळे सांधे मेणाने बुजवलेले. एका सांध्यावर चीर होती. काकांनी मेणाची गोळी विस्तवाजवळ धरून ती भरली. दिग्याने तारपा चारही बाजूंनी पाहिला.

“याला वायर कुठे लावायची?” त्याने हळूच मला विचारलं.

मी काकांना उद्याचं समजावलं. शाळेजवळच्या मैदानाच्या कडेला, भिंतीला लागून, मातीचा ओटा आहे, त्यावर मी उभी राहणार, शेजारी तुम्ही, समोर लोक, लोकांच्या मागे सायकली. काकांनी ओट्याला साफ नकार दिला. तारपावाला मध्ये असतो. लोक त्याच्याभोवती फिरतात, तो वळला की वळतात, आणि त्याला कोणी पाठ दाखवत नाही. मी वर चढून बसलो तर पोरी फिरतील कुठे, भिंतीत? मी म्हटलं, बरं, तुम्ही खाली मध्ये, मी ओट्यावर. एवढ्याशा बदलाने काय बिघडणार, असं मला तेव्हा वाटलं.

उधवा, रविवार

शलाका मॅडम चारला आल्या. लग्नातूनच आल्यामुळे अंगावर भारी साडी होती आणि पायात उंच टाचांच्या चपला, त्या मैदानात पावलोपावली रुतत होत्या. पण चेहऱ्यावर उत्साह होता. त्यांच्यासाठी शाळेतली एक खुर्ची आणून ठेवली होती.

सायकलींवर बसायला झुंबड उडाली. सुरेश म्हणून एक जण आहे, रोज सायकलवरून कारखान्यात जाणारा. सुट्टीच्या दिवशीही सायकलच मारावी लागतेय यावर तो पोट धरून हसला आणि सगळ्यात आधी बसला. चार बाया, चार पुरुष. त्यांनी पायडल मारायला सुरुवात केली आणि दिग्याची पेटी किंचाळायला लागली. व्यायामशाळेतल्या मुलांच्या हिशेबाने ती बनवली होती, ही माणसं दुप्पट जोर लावत होती. दिग्या एका सायकलीवरून दुसरीकडे धावत “हळू, हळू, दमाने!” असं ओरडत होता.

पहिलं गाणं झालं. समुद्राचं. ‘निळ्या’च्या जागी मी ‘आमच्या आमच्या लाटांनो’ घातलं होतं आणि ते बरं बसलं. गिटारचं काम लॅपटॉपने केलं. दुसरं ‘चार्जर दे ना’. ते पाड्यातल्या सगळ्यांना पाठ होतं. सायकलीवरचे आठही जण पायडल मारत मोठमोठ्याने गात होते, एक आजी ‘दे ना, दे ना’ला बरोबर हात पुढे करत होती. शलाका मॅडम खुर्चीत बसल्या बसल्या मान हलवत होत्या आणि फोनवर काही लिहून घेत होत्या. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी शेवटचं कडवं पुन्हा घेतलं. जागा आपली, मनाशी म्हटलं.

तिसरं गाणं तारप्याबरोबर.

काका मैदानाच्या मधोमध उभे राहिले, गाल फुगवले, आणि तारपा वाजायला लागला. माझ्या स्पीकरांतून तोवर जे काही निघत होतं ते या आवाजापुढे चिरकं वाटलं. जमिनीतून आल्यासारखा, जाड, एकसलग, श्वासाला कुठे तुटत नाही असा. मी डोळे मिटून गायला तोंड उघडलं. दोन ओळी म्हटल्या आणि डोळे उघडले, तेव्हा सुरेश सायकलीवरून उतरत होता.

मला वाटलं पाय दुखला असेल. मग पलीकडची बाई उतरली. तिने सायकलीला घोडी आहे की नाही हेही पाहिलं नाही, सरळ जाऊन काकांभोवती नाचणाऱ्यांच्या साखळीत शिरली, शेजारणीच्या कमरेत हात घातला. तिसरी उतरली. पाच उरले. मी गाणं चालू ठेवून उजव्या हाताने सायकलींकडे जोरजोरात खुणा करायला लागले. चौथी, नऊवारी नेसलेली बाई, उतरण्याच्या बेतात होती. तिला दिग्याने हात जोडले.

“मावशी, जरा बसा ना! वीज जाईल.”

तिला त्याच्या बोलण्याचा भारी अचंबा वाटला. “तारपा वाजताना बाजूला बसू? घरात भांडन झालंय का माझं?”

तारपा वाजताना जो साखळीबाहेर राहतो तो आजारी तरी असतो किंवा रुसलेला तरी. सायकल मारणं हे कारण त्यांच्यात नाही. ती गेली. पेटीने एकदा टुक केलं आणि माईक मेला, लॅपटॉप मेला, स्पीकर मेले. उरलेले चौघेही उतरून नाचायला गेले. दिग्या एकटा क्रमांक सहावर चढून जीव खाऊन पायडल मारत राहिला, त्यावर पेटीचा एक हिरवा दिवा लागला आणि तेवढाच.

मी ओट्यावर उभी. समोर सगळं मैदान फिरतंय. तारप्याला कोणी पाठ दाखवली नाही, सगळ्या पाठी माझ्या वाट्याला आल्या होत्या. मी “सायकली! सायकली!” म्हणून ओरडले. माझं ओरडणं मलाच नीट ऐकू आलं नाही. शलाका मॅडमच्या खुर्चीकडे बघायची हिंमत होईना. मग वाटलं, काकांना पाच मिनिटं थांबवावं, लोकांना पुन्हा बसवावं, सांगावं की तांत्रिक अडचण आहे. मी ओट्यावरून उडी मारली आणि साखळी तोडून आत जायला निघाले.

साखळी तोडता येत नाही. चैतीकाकींनी मला बघितलं, त्यांना वाटलं मी नाचायला आले, आणि त्यांनी माझ्या कमरेत हात घालून मला ओढून घेतलं. “आली का?” म्हणाल्या. दुसऱ्या बाजूने कोणीतरी घट्ट धरलं. आता पाय टाकणं भाग होतं. पुढे, पुढे, थोडं मागे, ठेका. मी चुकत होते, लोक माझ्या पायावर पाय देत होते, आणि मी संतापले होते. एक फेरी झाली. दोन झाल्या. मग माझे पाय कधीतरी चुकायचे थांबले. मला मजा यायला लागली आणि मजा येतेय याचाही राग यायला लागला. काका वळले की आम्ही सगळे वळत होतो. वळताना समोरची बाजू दिसली. ‘दे ना’वाली आजी होती, आणि तिच्या शेजारी भारी साडी खोचून, चपला एका हातात धरून, घामाघूम शलाका मॅडम.

काका थांबले तेव्हा सूर्य खाली गेला होता. मॅडम माझ्याकडे आल्या. श्वास लागला होता, चेहरा असा फुलला होता की त्यांचं वय दहा वर्षांनी कमी वाटत होतं.

“रेवा,” त्या म्हणाल्या, “मला हे हवंय. नक्की. जानेवारीत हेच.”

मला भरून आलं. “थँक्यू मॅडम. तो पॉवरचा प्रॉब्लेम आम्ही—”

“पॉवर? गेली होती का?” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “नाही, ऐक ना. हे म्हणजे, काकांचं. तुझी आधीची दोन गाणी गोड होती, पण खरं सांगू, तिथे मी फोन बघत होते. तू मला यांच्याशी बोलून देशील का? तू त्यांचं भात कापलंस ना, तुझं ऐकतील.”

मी दिग्याकडे पाहिलं. तो क्रमांक सहावर हँडलवर डोकं ठेवून बसला होता. मला तिथेच खाली बसून मोठ्याने रडावंसं वाटलं. पाच दिवस, दोन बोटं, आठ सायकली, आणि माझी जागा मीच दुसऱ्याला नेऊन द्यायची. पण मॅडम खोटं बोलत नव्हत्या. मी स्वतः त्या साखळीत होते, मला माहीत होतं. मी त्यांना काकांकडे घेऊन गेले आणि सगळं नीट सांगितलं: मोठा महोत्सव, जायची-यायची, राहायची सोय, मानधन, हजारो लोक. मनापासून सांगितलं, एक शब्द कमी केला नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण दिग्याला ते खरं वाटत नाही.

काकांनी ऐकून घेतलं. “किती येळ वाजवायचं?”

“वीस मिनिटं,” मॅडम म्हणाल्या.

काका हसले. त्यांनी चैतीकाकींना सांगितलं, त्याही हसल्या. “वीस मिनटात पोरींचे पाय पन एक नाय होत,” काका म्हणाले. “आन लोकं कुठं नाचतील?”

“लोक खुर्च्यांवर बसून ऐकतील ना.”

“बसून?” काकांनी मॅडमच्या हातातल्या चपलांकडे पाहिलं. “तुमी बसल्या का?”

मॅडमनी तीस मिनिटं करून पाहिली. त्याहून जास्त शक्य नव्हतं, पुढे दुसऱ्या कोणाचा कार्यक्रम होता. काका रागावले नाहीत, त्यांनी नीट समजावून सांगितलं की आमचं जरा लांब असतं, तुमच्या कामात खोळंबा नको. मग तारपा फडक्यात गुंडाळला आणि घरी ठेवायला गेले.

मॅडमनी चपला खाली टाकल्या, पाय सरकवले आणि त्या माझ्याकडे वळल्या. “रेवा, तुझं वीस मिनिटांत बसेल ना? सायकलीसकट? आमच्याकडे लोक बसूनच असतात, उठून जाणार नाहीत.”

दिग्याचं म्हणणं, मी तिथे बाणेदार काहीतरी बोलायला हवं होतं, निदान विचार करते म्हणायला हवं होतं. मी लगेच म्हटलं, “बसेल, मॅडम. मला वीस मिनिटं पुष्कळ झाली.” आणि ते अगदी खरं होतं, कारण माझी आजवरची सगळी गाणी एकामागोमाग एक लावली तरी अठराच मिनिटं होतात.